छोट्या पाणलोटाचे मॉडेल बांधताना: पाऊस, अपधाव आणि जमिनीची धूप

गावच्या पाणलोटात पावसाळ्यात नाल्यातून किती पाणी वाहून जाते (म्हणजे अपधाव) आणि त्याबरोबर किती माती जाते, हे संगणकावर मोजायला आज एक पैसाही लागत नाही. क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम फुकट आहे, उंचीचे नकाशे फुकट आहेत आणि बाकीचे गणित एक्सेलमध्ये बसते. अवघड भाग वेगळाच आहे. चुकीची माहिती भरली तरी मॉडेल तक्रार करत नाही. ते रंगीत नकाशा काढून देते आणि नकाशा दिसायला नेहमीच खरा वाटतो. म्हणून या लेखात बटणांपेक्षा चुका कुठे होतात, यावर जास्त भर आहे.

उदाहरणासाठी दख्खनच्या पठारावरचा एक पाणलोट धरू: क्षेत्र १००० हेक्टर म्हणजे १० चौरस किलोमीटर, वार्षिक पाऊस सुमारे ६०० मिमी, पायथ्याला काळी भारी जमीन, माथ्याला मुरमाड माळरान. पुढचे सगळे आकडे या नमुन्याचे आहेत. पद्धती दोन: पाण्यासाठी कर्व्ह नंबर (१०० पर्यंतचा आकडा, जितका मोठा तितके जास्त पाणी वाहून जाते) आणि मातीसाठी रसल (धुपेचे समीकरण, RUSLE). दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आहेत आणि आपल्याकडे पाणलोट विकासाच्या कामात सर्रास वापरल्या जातात.

आधी प्रश्न, मग संगणक

कोणत्या जागी येणारे पाणी मोजायचे, ते कागदावर लिहून काढा. पाझर तलावाचा सांडवा, सिमेंट नाला बांध, गावाबाहेरचा पूल, काहीही चालेल, पण जागा एकच हवी. तिथे जाऊन मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपून घ्या. या बिंदूला आपण निर्गमबिंदू म्हणू. ‘गावाचा अपधाव काढायचा आहे’ हा मॉडेलचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण गावाची शीव आणि पाण्याची शीव क्वचितच जुळते.

प्रश्न तुलनेचा असेल तर मॉडेल सर्वात उपयोगी पडते. माथ्यावर सलग समतल चर खोदले तर किती फरक पडेल? बांधबंदिस्ती आधी कोणत्या गटात करावी? अशा प्रश्नांना ते चांगले उत्तर देते. ‘या शेतातून वर्षाला नेमके १४.३ टन माती जाते’ अशा एकट्या आकड्यावर मात्र फार भार टाकू नका.

उंचीचा नकाशा आणि पाणलोटाची हद्द

डीईएम म्हणजे उंचीचा रास्टर, म्हणजे प्रत्येक चौकोनात एक उंची भरलेली जाळी. नवख्यांसाठी कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम चांगला. एसआरटीएमचा ३० मीटरचा नकाशाही मिळतो. तो फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानाच्या मोहिमेतला आहे आणि त्यात उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली असते. डोंगराळ भागात त्याने बिघडत नाही. पण काळ्या जमिनीच्या सखल पट्ट्यात उतार एक टक्का असतो, म्हणजे ३० मीटरच्या चौकोनात जेमतेम ३० सेंटिमीटरचा फरक. तिथे पूर्ण मीटरमधली उंची पायऱ्या तयार करते आणि उताराच्या नकाशात शून्य आणि चढे असे पट्टे दिसू लागतात. असे पट्टे दिसले तर डीईएम बदला. ‘भुवन’ संकेतस्थळावरचा कार्टोडीईएम हाही एक पर्याय आहे.

डीईएम पाणलोटाच्या अंदाजे हद्दीपेक्षा चोहोबाजूंनी किमान दोन किलोमीटर मोठा घ्या. डाउनलोड केलेला नकाशा अंशांमध्ये असतो. तो मीटरमध्ये आणल्याशिवाय उतार आणि क्षेत्रफळ दोन्ही चुकतात. ७२ ते ७८ अंश रेखांशांमधल्या महाराष्ट्रासाठी यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमधली प्रणाली, म्हणजे क्यूजीआयएसच्या यादीत ईपीएसजी ३२६४३, वापरा. ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा-नागपूरकडे, ईपीएसजी ३२६४४. रूपांतर करताना पद्धत ‘बायलिनियर’ निवडा. ‘निअरेस्ट नेबर’ ठेवली तर उंचीत आडव्या-उभ्या रेघा उमटतात. चौकोनाचा आकार बरोबर ३० मीटर असा हाताने भरा.

सगळ्या फायली एका साध्या फोल्डरमध्ये ठेवा. नावे रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा नको. क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या ग्रास या प्रोग्रामची साधने देवनागरी नावांवर किंवा मोकळ्या जागांवर अडखळतात आणि त्रुटीचा संदेश काहीतरी भलताच येतो. नवखा माणूस इथे अर्धा दिवस घालवतो.

आता प्रोसेसिंग टूलबॉक्समधून ग्रासचे ‘आर डॉट वॉटरशेड’ चालवा. ग्रास दिसत नसेल तर प्लगइनच्या यादीत ते आधी सुरू करा. ‘किमान उप-पाणलोट’ या रकान्यात ५०० भरा. ५०० चौकोन म्हणजे ४५ हेक्टर, आणि इतक्या क्षेत्रानंतर ओघळ नाला म्हणून दाखवला जाईल. या साधनाला डीईएममधले खड्डे आधी बुजवावे लागत नाहीत, ते वाट काढत पुढे जाते. यातून तीन लेअर लागतील: प्रवाहाचा संचय (वरून किती चौकोनांचे पाणी येते ती संख्या), प्रवाहाची दिशा आणि नाले. संचयाच्या नकाशात ऋण आकडे दिसले तर घाबरू नका. त्या चौकोनांत नकाशाच्या बाहेरून पाणी येत असावे, असा त्याचा अर्थ. ते तुमच्या पाणलोटाच्या आत आले तर मात्र डीईएम छोटा पडला, मोठा आणा.

त्यानंतर ‘आर डॉट वॉटर डॉट आउटलेट’ला दिशेचा लेअर आणि निर्गमबिंदू द्या. इथे जवळजवळ प्रत्येकाची एक चूक होते. मोबाइलवर टिपलेला बिंदू मॉडेलच्या नाल्यापासून एक-दोन चौकोन बाजूला पडतो आणि १००० हेक्टरऐवजी अडीच हेक्टरचा तुकडा पाणलोट म्हणून समोर येतो. बिंदू नाल्याच्या चौकोनावर हाताने सरकवा. तपासणी सोपी आहे: ३० मीटरचा चौकोन ९०० चौरस मीटरचा, म्हणून १००० हेक्टरच्या पाणलोटात निर्गमबिंदूचा संचय ११,१०० च्या आसपास हवा.

मिळालेली हद्द भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर आणि उपग्रह चित्रावर ठेवून बघा. कालवा, रेल्वेचा भराव, उंच बांधलेला रस्ता यांनी पाणी वळवलेले असते आणि ३० मीटरच्या डीईएमला ते दिसत नाही. तिथे हद्द हाताने दुरुस्त करा. गावातल्या जुन्या माणसाला नकाशा दाखवून ‘या टेकाडामागचे पाणी कुठे जाते?’ एवढे विचारले तरी बरेच काम होते.

माती आणि जमिनीचा वापर

मातीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशे मिळाले तर उत्तम. नसतील तर सॉइलग्रिड्सचे २५० मीटरचे जागतिक नकाशे वापरा, पण एककांकडे लक्ष ठेवा. त्यात चिकणमाती ग्रॅम प्रति किलोत असते, म्हणून टक्क्यांसाठी १० ने भागायचे. सेंद्रिय कर्ब डेसिग्रॅम प्रति किलोत असतो, त्याला १०० ने भागले की टक्के मिळतात. पाणी मुरण्याच्या दृष्टीने मातीचे अ, ब, क, ड असे चार जलगट पडतात, अ मध्ये पाणी सर्वात जास्त मुरते, ड मध्ये सर्वात कमी. भारी काळी जमीन ड गटात, मुरमाड आणि मध्यम जमिनी खोलीप्रमाणे ब किंवा क गटात.

जमिनीच्या वापरासाठी युरोपीय अवकाश संस्थेचा वर्ल्डकव्हर हा १० मीटरचा नकाशा आहे, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा. त्यात शेत म्हणजे फक्त ‘शेत’. बांध आहे की नाही, पेरणी उताराला आडवी की उभी, हे त्याला कळत नाही. ती माहिती शिवारात फिरूनच भरावी लागते.

पाऊस: रोजचा हवा, वर्षाचा नको

कर्व्ह नंबरचे सूत्र एका पावसासाठी, फार तर एका दिवसासाठी आहे. वार्षिक ६०० मिमी पाऊस थेट त्यात टाकला तर पुढच्या उदाहरणातल्या जमिनीसाठी उत्तर ५४३ मिमी येते, म्हणजे ९१ टक्के पाणी वाहून गेले! दुष्काळी पट्ट्यात असे होत नसते, तरीही असे आकडे प्रकल्प अहवालांत सापडतात.

दैनंदिन पाऊस राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय मिळतो. हवामान विभागाचा ०.२५ अंशांचा जाळीबद्ध पाऊस १९०१ पासूनचा आहे, पण त्याचा एक चौकोन सुमारे २७ किलोमीटर बाजूचा. त्यात ढगफुटीसारखा पाऊस पसरून मऊ होतो आणि अपधाव कमी दिसतो. मंडळाचा पर्जन्यमापक पाणलोटापासून पाच-सात किलोमीटरवर असेल तर तोच घ्या. लक्षात ठेवा: सरकारी नोंद सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० अशी असते आणि ती दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर टाकतात. १२ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस १३ तारखेच्या खाती दिसेल. नाल्यातली पातळी तुम्ही १२ तारखेला टिपली असेल तर मॉडेल एक दिवस उशिरा धावते आहे असे उगाच वाटेल.

अपधावाचे गणित

भारतीय परिस्थितीसाठीच्या तक्त्यातले काही कर्व्ह नंबर असे: उभ्या-सरळ ओळींची लागवड, ड गट ९३, बांध असलेले पण नीट न राखलेले शेत, ड गट ८३, चांगले राखलेले बांध, ड गट ७९, पडीक माळ किंवा खराब कुरण, क गट ८५-८६, झुडपी जंगल, क गट ६४, पक्का रस्ता, क गट ९१. नमुन्याच्या पाणलोटात ६०० हेक्टर जेमतेम बांधांची शेते, २५० हेक्टर माळ, १०० हेक्टर झुडपी जंगल आणि ५० हेक्टर गावठाण-रस्ते धरले तर क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी ८२ येते.

साठवण क्षमता = २५४०० ÷ कर्व्ह नंबर − २५४

८२ साठी ती ५५.८ मिमी. यानंतर सुरुवातीची तूट, म्हणजे वाहायला लागण्यापूर्वी पाने, खळगे आणि माती जे पाणी पितात ते. परदेशी पुस्तके सरसकट साठवण क्षमतेच्या ०.२ पट घेतात. आपल्याकडच्या शिफारशीत काळ्या जमिनीला, ती मध्यम किंवा जास्त ओली असताना, ०.१ पट, काळी जमीन कोरडी असताना आणि बाकी सर्व जमिनींना ०.३ पट.

अपधाव = (पाऊस − तूट)² ÷ (पाऊस − तूट + साठवण क्षमता)

ओलावा ठरतो मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून. पीक उभे असताना ३६ मिमीपेक्षा कमी असेल तर पहिला वर्ग, ३६ ते ५३ दुसरा, त्यावर तिसरा. तक्त्यातला नंबर दुसऱ्या वर्गाचा असतो. पहिल्यासाठी त्याला (२.२८१ − ०.०१२८१ × नंबर) ने भागा, तिसऱ्यासाठी (०.४२७ + ०.००५७३ × नंबर) ने.

एकाच पाणलोटावर ७० मिमीचा पाऊस तीन वेळा पाडून बघू. जूनच्या सुरुवातीला, कोरड्या जमिनीवर: नंबर ६७ पर्यंत उतरतो आणि अपधाव जेमतेम ६ मिमी. मध्यम ओल्या जमिनीवर साडेचौतीस मिमी. झड लागून गेल्यावर, तिसऱ्या वर्गात: नंबर ९१, अपधाव ५० मिमी. पाऊस तोच आणि पाणी आठपट. शेतात दिसते तेही असेच. जूनमध्ये काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि पहिले पाऊस त्या पिऊन टाकतात. ऑगस्टमध्ये भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी वर ठेवते. म्हणून वर्षाचा अपधाव रोज मोजून बेरीज करूनच काढायचा. मध्यम ओलाव्याच्या पावसाचे साडेचौतीस मिमी १० चौरस किलोमीटरवर म्हणजे ३.४५ लाख घनमीटर पाणी. तुटीसाठी ०.१ ऐवजी ०.३ घेतले असते तर तेच २.६ लाख झाले असते. तलावाची क्षमता ठरवताना हा फरक छोटा नाही.

एक्सेलमध्ये रकाने असे लावा: तारीख, पाऊस, मागच्या पाच दिवसांची बेरीज, ओलावा वर्ग, नंबर, साठवण क्षमता, तूट, अपधाव. पाच दिवसांच्या बेरजेत आजचा पाऊस धरू नका. आणि शेवटच्या रकान्यात अट घालायला विसरू नका: पाऊस तुटीपेक्षा कमी असेल तर अपधाव शून्य. अट नसली तर ऋण संख्येचा वर्ग धन होतो आणि २ मिमीच्या भुरभुरीलाही पाव मिमी अपधाव निघतो. पूर्ण हंगामात अशा भुरभुरीचे दिवस बरेच असतात आणि त्यांची बेरीज चोरपावलांनी उत्तर फुगवते.

आणखी एक सुधारणा. पाणलोटात ६४ पासून ९१ पर्यंतचे नंबर असतील तर नंबरांची सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक तुकड्याचा अपधाव वेगळा काढा आणि मग क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी घ्या. सूत्र सरळ रेषेचे नसल्याने नंबरांची सरासरी लहान पावसांत अपधाव कमी दाखवते.

मातीचे गणित

अपधाव पटण्याजोगा आल्यावरच धुपेकडे वळा. रसल हा पाच गुणकांचा गुणाकार आहे: पावसाची धूपशक्ती, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी-तीव्रता, पीक-आच्छादन आणि संवर्धनाचे उपाय. उत्तर टन प्रति हेक्टर प्रति वर्ष. गुणाकार असल्यामुळे एक गुणक दुप्पट चुकला की उत्तरही दुप्पट चुकते.

पावसाची धूपशक्ती काढायला मिनिटामिनिटाचा पाऊस लागतो. तो नसतो, म्हणून भारतासाठी वार्षिक पावसावरून काढलेले समीकरण वापरतात: ८१.५ + ०.३८ × वार्षिक पाऊस. ६०० मिमीला ३०९.५. इथेच सर्वात मोठा खड्डा आहे. हे समीकरण जुन्या मेट्रिक एककांतले आहे. धूपप्रवणतेचा आकडा आपण आजकाल आंतरराष्ट्रीय एककांत घेतो, ०.०२ ते ०.०५ अशा घरातला. दोन्ही तसेच गुणले तर उत्तर जवळजवळ दहापट कमी येते. धूपशक्तीला ९.८१ ने गुणा, म्हणजे ती ३०३६ होईल. खात्री करायची असेल तर युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जागतिक धूपशक्तीचा नकाशा उघडून तुमच्या जागेवरचा आकडा बघा. मोसमी प्रदेशात तो हजारांत असतो, शेकड्यांत नव्हे. समीकरणाची मर्यादा ३४० ते ३५०० मिमी आहे. आंबोली किंवा महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्याला ते लावू नका.

मातीच्या धूपप्रवणतेसाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. आधी एक संख्या काढा: सिल्ट आणि अतिबारीक वाळू यांच्या टक्केवारीची बेरीज, गुणिले (१०० − चिकणमातीचे टक्के). तिचा १.१४ वा घात, गुणिले (१२ − सेंद्रिय पदार्थाचे टक्के), गुणिले ०.०००२१. त्यात ३.२५ × (रचना क्रमांक − २) आणि २.५ × (झिरप क्रमांक − ३) मिळवा (रचना म्हणजे मातीच्या कणांची घडण, झिरप म्हणजे पाणी मुरण्याचा वेग, दोन्हींचे क्रमांक या पद्धतीच्या तक्त्यात असतात), १०० ने भागा आणि आंतरराष्ट्रीय एककांसाठी ०.१३१७ ने गुणा. चिकणमाती ५० टक्के, सिल्ट २८, अतिबारीक वाळू ५, सेंद्रिय पदार्थ १, रचना ४, झिरप ५ अशा काळ्या जमिनीला ०.०२९ येते. अहवालात सेंद्रिय कर्ब दिलेला असतो, त्याला १.७२४ ने गुणले की सेंद्रिय पदार्थ.

उताराचा गुणक रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये काढा:

(संचय × ३० ÷ २२.१३)^०.४ × (साइन उतार ÷ ०.०८९६)^१.३

२२.१३ मीटर ही या पद्धतीच्या मूळ प्रयोग-वाफ्याची लांबी आणि ०.०८९६ म्हणजे त्याच्या ९ टक्के उताराची साइन. दोन गोष्टी सांभाळा. क्यूजीआयएसचा कॅल्क्युलेटर साइन रेडियनमध्ये घेतो, उताराचा नकाशा मात्र अंशांत असतो. म्हणून उताराला ०.०१७४५ ने गुणा. हे विसरल्यास नकाशात रिकाम्या जागा आणि विचित्र ठिपके दिसतात. दुसरे, संचयाला वरची मर्यादा घाला. नाल्याच्या चौकोनात संचय हजारांत असतो आणि गुणक ५०-१०० पर्यंत उडतो, पण नाल्यात रसल लागूच होत नाही. शेतातला ओघ बांधाला किंवा ओघळीला मिळेपर्यंतची लांबी बहुधा १०० ते १५० मीटर असते, म्हणजे चार-पाच चौकोन. संचय ४ आणि उतार ५ टक्के असेल तर गुणक ०.९२ येतो.

आता पीक-आच्छादन. दाट जंगलाला ०.००१ ते ०.०१, उघड्या नांगरटीला १, पिकांना साधारण ०.२ ते ०.५. आकडा निवडण्यापेक्षा महिना निवडणे जास्त महत्त्वाचे आहे. सोलापूर, मंगळवेढ्याकडचे रब्बी ज्वारीचे शेत घ्या. जून ते सप्टेंबर ते मोकळे असते, ओल धरण्यासाठी त्यावर पाळ्या घालतात, आणि पेरणी होते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. डिसेंबरच्या उपग्रह चित्रात ते हिरवेगार दिसते आणि मॉडेल त्याला ०.२ चा गुणक देऊन मोकळे होते. प्रत्यक्षात जेव्हा धो धो पाऊस पडत होता तेव्हा तिथे पिकाचे पानही नव्हते. ढगांमुळे जुलै-ऑगस्टची स्वच्छ चित्रे मिळत नाहीत, म्हणून लोक हिवाळ्यातली वापरतात आणि नेमकी सर्वात धुपणारी शेते सुरक्षित म्हणून रंगवतात. खरीप आणि रब्बी शेतांचे वेगळे लेअर करा. तलाठ्याकडच्या पीक पाहणीवरून हे गटनिहाय करता येते. पावसाळ्यात मोकळ्या राहणाऱ्या शेताला ०.६ च्या खाली जाऊ नका.

संवर्धनाच्या उपायांचा गुणक, उताराला आडव्या मशागतीसाठी: १-२ टक्के उताराला ०.६, ३ ते ८ टक्क्यांना ०.५, ९ ते १२ टक्क्यांना पुन्हा ०.६. उपाय नसेल तर १. फुटलेला बांध हा बांध नव्हे. तिथे १ च लावा.

५ टक्के उताराच्या, आडव्या मशागतीच्या खरीप शेतासाठी, पीक-आच्छादन ०.३५ धरून: ३०३६ × ०.०२९ × ०.९२ × ०.३५ × ०.५ = सुमारे १४ टन प्रति हेक्टर. ९.८१ विसरला असता तर दीड टनही आले नसते आणि या शेताला काही करायची गरज नाही असा निष्कर्ष निघाला असता. १४ टन म्हणजे हेक्टरभर सुमारे एक मिलिमीटरचा थर. देशाची सरासरी म्हणून १९८३ पासून उद्धृत होणारा आकडा १६.४ टन आहे, तेव्हा आपला आकडा निदान त्या घरात आहे. पेरणी उताराला उभी केली तर तोच २८ टनांवर जातो.

उत्तर तपासणे

रसल फक्त पृष्ठभागावरची आणि छोट्या सऱ्यांमधली धूप सांगते. घळी, नाल्याचे काठ आणि दरड तिच्यात येत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. तसा धोका ओळखायला हा नकाशा वापरणे चूकच नाही, घातक आहे.

शेतातून सुटलेली सगळी माती तलावात पोचत नाही. १० चौरस किलोमीटरसाठी पोचण्याचे प्रमाण ०.४७२४ × क्षेत्र^−०.१२५ या जुन्या सूत्राने ०.३५ येते. पाणलोटाची सरासरी १४ टन धरली तर १४,००० टनांपैकी जवळपास ५००० टन खाली येतात, म्हणजे ओल्या गाळाची घनता १.२ धरून वर्षाला ४००० घनमीटरच्या आसपास गाळ. हा आकडा पडताळता येतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून अनेक तलावांतला गाळ मोजून काढला गेला आहे. तुमच्या तलावाची नोंद आणि शेवटचा गाळ कधी काढला ते वर्ष मिळवा, भागाकार करा आणि शेजारी ठेवा. दुपटीच्या आत जुळले तर पहिल्या प्रयत्नाला चांगले आहे. पाचपटीचा फरक असेल तर आधी एकके बघा, मग पीक-आच्छादन, मग नाल्यातले चौकोन चुकून सरासरीत आले का ते बघा. बहुतेक वेळा या तिघांतच सापडते.

पाण्यासाठी सिमेंट नाला बांधाच्या भिंतीवर रंगाने मोजपट्टी काढून घ्या आणि पुरात दर दहा मिनिटांनी फोटो काढायला गावातल्या कोणाला तरी सांगा. सांडव्यावरून जाणारे पाणी = १.७ × सांडव्याची लांबी × पाण्याच्या उंचीचा १.५ वा घात. ८ मीटर सांडव्यावर ४० सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे ३.४ घनमीटर. एका हंगामातले पाच-सहा चांगले पाऊस असे टिपले तर कर्व्ह नंबर दोन-तीन अंकांनी वर-खाली करून मॉडेल जुळवता येते. जुळवायला वापरलेले पाऊस तपासायला पुन्हा वापरू नका, दोन तरी बाजूला ठेवा.

धुपेच्या नकाशावर लालभडक दिसणाऱ्या काही जागा आणि हिरव्या दिसणाऱ्या काही जागा निवडून शिवारात जा. उघडी पडलेली मुळे, दगडांखाली उरलेले मातीचे छोटे खांब, वरचा थर जाऊन पांढरट दिसणारा मुरूम, बांधाच्या वरच्या अंगाला साचलेला गाळ या खुणा शोधा. हिरव्या जागेत त्या दिसल्या तर ते जास्त मोलाचे, कारण मॉडेल तिथेच चुकले आहे.

पुढे कुठे जायचे

पुलाची किंवा सांडव्याची रुंदी ठरवायची असेल तर दिवसाचा अपधाव पुरत नाही, पुरात सेकंदाला जास्तीत जास्त किती पाणी येते ते लागते. त्यासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने तयार केलेले एचईसी-एचएमएस घ्या, तेही फुकट आहे. त्याला तासाहून बारीक पाऊस आणि पाणी पोचायला लागणारा उशीर हे दोन द्यावे लागतात. ५ किलोमीटर लांब, १.२ टक्के उताराच्या नाल्याला किर्पिचच्या सूत्राने सुमारे ७५ मिनिटांचा प्रवास येतो, त्याच्या ०.६ पट, म्हणजे ४५ मिनिटे, हा उशीर. गणनेचा टप्पा उशिराच्या ०.२९ पटीपेक्षा लहान ठेवा, इथे १० मिनिटे चालतील. तासाचा टप्पा ठेवला तर पुराचा माथा कापला जातो आणि पूल अरुंद निघतो.

वर्षानुवर्षांचे पीक, भूजल आणि गाळ एकत्र बघायचे असेल तर स्वॅट हे मॉडेल आहे. त्याला मात्र तापमान, आर्द्रता, वारा, सूर्यप्रकाश अशी माहिती आणि किमान काही वर्षांची नाल्याची मोजणी लागते. मोजणी नसताना स्वॅट चालवण्यापेक्षा एक्सेलमधला कर्व्ह नंबर आणि भिंतीवरची मोजपट्टी यांतून जास्त हाती लागते. मोजपट्टीचे काम मे महिन्यातच उरकून घ्या, पहिला पूर जूनमध्येही येतो.